१६ इंची दंड आणि दीड मिनिटाचा दम

पत्र

सर, मी २३ वर्षांचा आहे, गाव वाळवा तालुक्यात. उंची ५ फूट ८ इंच, वजन ८४ किलो. सव्वादोन वर्षं झाली, जिम चुकवलेली नाही. दंड १६ इंच भरतो, छाती चांगली आहे, बेंचला १०० किलो मारतो. यंदा जत्रेच्या मैदानात मित्रांनी मला बळंच उठवलं. माझं अंग बघून पंचांना जोडच मिळेना. शेवटी शेजारच्या गावचा एक पोरगा उभा राहिला, साठ-बासष्ट किलोचा, काटकुळा, कान मोडलेले, उसाच्या ट्रॉल्या भरतो म्हणे. लोक हसायला लागले, हे पोरगं कशाला उठवलं म्हणून. दीड मिनिटात माझा श्वास बंद पडायची वेळ आली. त्यानं पाडलं कसं तेसुद्धा कळलं नाही. बाहेर आल्यावर शर्टाची बटणं लावता येईनात, बोटंच वळत नव्हती. चुलतभावानं लावून दिली आणि त्यानंच व्हिडिओ स्टेटसला ठेवला.

आता आरशात बघितलं की सगळं खोटं वाटतं. जिममधला मित्र म्हणतो, एक सायकल मार, म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स, शिवाय ताकदीचं इंजेक्शन मिळतं, त्यानं दमच लागत नाही. मी अजून काही घेतलेलं नाही. आई म्हणते, जिम सोड. पोलिस भरतीचं ग्राउंड चार-पाच महिन्यांवर आलंय आणि १६०० मीटरला मला साडेसात मिनिटं लागतात. रात्री यूएफसीचे, म्हणजे पिंजऱ्यातल्या लढतींचे व्हिडिओ बघत बसतो आणि विचार येतो, उद्या रस्त्यात कुणी खरंच अडवलं तर माझं काय? सर, माझी बॉडी खोटी आहे का?

उत्तर

आधी त्या पोराचं बोलू. ‘कान मोडलेले’ हे दोन शब्द तू काटकुळा आणि उसाच्या ट्रॉलीच्या मध्ये घालून पुढे निघून गेलास. अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच होती. समोरच्याच्या डोक्याशी आणि मातीशी रोज घासून घासून कानाची कातडी कूर्चेपासून सुटते, मध्ये रक्त साकळतं आणि घट्ट होऊन बसतं. ते कान जिममध्ये होत नाहीत, ट्रॉल्या भरूनही होत नाहीत. आम्ही लहानपणी जोड ठरायच्या आधी समोरच्याचे कान बघायचो, मग मान, मग पिंढऱ्या. दंडाकडे कुणी फारसं बघत नसे. तुझ्यासमोर उभा होता तो वर्षानुवर्षं माती अंगाला लावलेला पैलवान. मैदानात जुने लोक बसले असतील तर त्यांना हात मिळवतानाच निकाल कळला असेल. हसणारे सगळे तुझ्या वयाचे असावेत.

तेव्हा हरल्याची लाज काढून टाक. व्हिडिओबद्दल चुलतभावाशी भांडायचं असलं तर भांड, पण त्याआधी तो व्हिडिओ आवाज बंद करून चार वेळा बघ. तुझे खांदे कानापर्यंत चढलेले दिसतील. दोन्ही मुठी पहिल्या क्षणापासून आवळलेल्या असतील, तोंड मिटलेलं असेल आणि पाय जवळजवळ सरळ. खडाखडीतच, म्हणजे सुरुवातीच्या हाताहातीतच, तू सगळी ताकद खर्च करत होतास आणि तो पोरगा हात नुसता टेकवून ठेवत होता. तुला ढकलू देत होता, अंदाज घेत होता. तू पुढे झुकलास, वजन टाचांवरून सुटलं आणि त्यानं पट काढला, म्हणजे खाली घुसून पाय ओढला असणार. मी तिथं नव्हतो, पण नवा माणूस शंभरातून नव्वद वेळा असाच पडतो.

आता दीड मिनिटाचं गणित. जिममध्ये तुझा एक सेट किती वेळ चालतो? आठ-दहा रेप, फार तर ४० सेकंद. मग मोबाइल, पाणी, आरसा, दोन मिनिटांची विश्रांती. सव्वादोन वर्षांत जिममध्ये तुझ्या शरीराला ४० सेकंदांच्या पुढे सलग कष्ट करायची वेळच आलेली नाही. पहिल्या आठ-दहा सेकंदांचा जोर स्नायूत साठवलेल्या तयार इंधनावर निघतो. त्यानंतरचा भार मुख्यतः साखर झटपट जाळून भागतो, त्यात प्राणवायूचा वाटा थोडा असतो आणि अंग पेटल्यासारखं होतं. मिनिट-दीड मिनिटापुढे सगळी मदार हृदय आणि फुफ्फुसं किती प्राणवायू पोचवतात यावर येते. नेमका तिथंच तुझा माल संपला. त्यात तू घाबरून श्वास धरून ठेवलास. बेंचवर वजन वर नेताना एखादा क्षण श्वास धरणं ठीक, पण कुस्तीत श्वास धरला की माणूस स्वतःलाच दाबतो.

आणि तुझे दंड जितके मोठे तितकं त्यांना रक्त जास्त लागतं. १६ इंची दंड सतत आवळून धरलास तर आत जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्याच दाबाखाली येतात. बटणं लागली नाहीत ती त्यामुळे. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगडासारखा झाला असेल, बोटांना जोर नाही. ते बघून तुला वाटलं असेल की आपल्यात काहीतरी मोठं बिघडलंय. काही बिघडलेलं नाही. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पहिल्यांदा उतरलेल्या प्रत्येकाचं ते होतं. माझं स्वतःचं झालं होतं; वस्तादांनी माझ्या लंगोटाची गाठ सोडायला धाकट्या पोराला पाठवलं होतं, यापेक्षा तुझी बटणं बरी.

मी शिकत होतो त्या कोल्हापुरातल्या तालमीत एकदा एक व्यायामपटू आला. देखणा गडी, पाठ अशी की मागून बघितलं तर नांगरलेलं रान वाटावं. त्याला कुस्ती शिकायची होती. वस्ताद काही बोलले नाहीत, हातात खोरं दिलं आणि हौदा खणायला लावला. तालमीची लाल माती म्हणजे रानातली माती नव्हे. तेल, ताक, लिंबू, हळद मुरवून ती जड झालेली असते, खोरं आत जातं ते चिकटून वर येतं. अर्धा हौदा होईपर्यंत त्या गड्यानं चार वेळा कमरेवर हात ठेवले. आमच्यातली दोन पोरं खुदकन हसली तसे वस्ताद त्यांच्यावर खेकसले, “तो शिकायला आलाय, तुमची तोंडं बघायला नाही.” तो माणूस महिनाभर फक्त माती खणत होता आणि जोर-बैठका मारत होता. दोन वर्षांनी मात्र त्यानं आमच्यातल्या चांगल्याचांगल्यांना घाम फोडला, कारण डाव आल्यावर ती पाठ कामाला लागली.

ही आठवण मुद्दाम सांगितली. तुला आता गावात सल्ला देणारे भेटतील, “मशिनीची बॉडी, हवा भरलेली, सोड ते.” हे मला पटत नाही. स्नायू जाड झाला की त्याची ओढायची-ढकलायची क्षमता वाढते, ती मशिनीवर आलेली असो की विहिरीवर. तुझे १०० किलो खरेच आहेत. पण ते वजन लोखंडी दांडीला आहे, दांडी दोन हातांत समतोल असते, एकाच रेषेत वरखाली होते आणि तुझा पट काढत नाही. ६० किलोचा जिवंत माणूस मधेच वळतो, ढिला पडतो, खाली घुसतो, तुझंच वजन तुझ्यावर उलटवतो. त्याची सवय लागायला दुसऱ्या जिवंत माणसाशिवाय इलाज नाही.

तू यूएफसी बघतोस म्हणून तिथलीच गोष्ट. पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला झाली. तेव्हा वजनगट नव्हते. ब्राझीलचा रॉयस ग्रेसी, साधारण ८० किलोचा, बघितलं तर बँकेत कामाला असेल असं वाटावं. समोर केन शॅमरॉक, सुमारे १०० किलो, अंगावर नुसते पीळ. ग्रेसीनं त्याला एका मिनिटाच्या आत गळ्याला आवळून हरलो म्हणून हात आपटायला लावला आणि त्याच रात्री तीन लढती जिंकून स्पर्धा नेली. ही क्लिप लोक तुला ‘बॉडीचा काही उपयोग नाही’ म्हणून पाठवतात. पुढचा भाग कुणी पाठवत नाही. काही वर्षांत सगळे ते डाव शिकले, आणि त्यानंतर यूएफसीला वजनगट आणावे लागले. डाव दोघांनाही येत असतील तर जड आणि ताकदवान माणूस भारी पडतो. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं ते ५७ किलो गटात. त्या वजनाचा माणूस आज तुझ्या जिममध्ये आला तर ट्रेनर त्याला वजन वाढवायचा डबा विकेल. पण त्यांनासुद्धा ५७ किलोवाल्यांशीच लढवलं, शंभराच्या गड्याशी नाही. गट असतात ते उगाच नाही.

दिसण्याची तयारी हीसुद्धा एक विद्याच आहे, तिला मी हसणार नाही. स्पर्धेत उतरणारे शरीरसौष्ठवपटू महिनोन्महिने तोलून-मापून खातात, शेवटच्या दिवसांत मीठ-पाणी आवरतात. स्टेजवर सगळ्यात पिळदार दिसतो त्या दिवशी तो बहुधा वर्षातला सगळ्यात थकलेला असतो, जिना चढवत नाही. त्याला ते माहीत असतं. तुझी गल्लत एवढीच झाली की तू तयारी केलीस एका परीक्षेची आणि बसलास दुसरीला.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही म्हणून माझ्या लक्षात आली. दंड आहे, छाती आहे, बेंच आहे. पायांचा उल्लेख एकदाही नाही. लेग डे महिन्यातून किती वेळा होतो ते मला सांगू नकोस, मला माहीत आहे.

आता इंजेक्शन. इथं जरा थांबून वाच.

‘मी अजून काही घेतलेलं नाही’ असं तू लिहिलंस. त्यातल्या ‘अजून’ची मला धास्ती वाटते. मित्र ज्याला ताकदीचं इंजेक्शन म्हणतोय ते बहुतेक मेफेंटरमाइन असावं. आपल्याकडे जिमच्या आसपास ते चोरून विकलं जातं, पोलिसांनी बऱ्याचदा साठे पकडलेत. त्याचं खरं काम ऑपरेशन टेबलावर आहे. कमरेत भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब एकदम खाली जातो, तेव्हा डॉक्टर मोजून देतात, डोळे मॉनिटरवर ठेवून. तेच औषध चांगल्या रक्तदाबाच्या पोरानं जिमच्या बाथरूममध्ये टोचून घेतलं की दाब आणि ठोके नको तितके चढतात. दम लागत नाही असं वाटतं, कारण दमल्याची बातमी दाबून टाकली जाते. हृदय दमतंच आहे, फक्त तुला कळवत नाही. शिवाय त्याची सवय लागते. एकाच सुईनं तिघे टोचून घेतात तेव्हा कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

सायकलचं म्हणशील तर बाहेरून पुरुषी संप्रेरक आलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, काहींची छाती बायकांसारखी सुटते आणि ती मग ऑपरेशननंच जाते. चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. गोळ्यांचा मारा यकृतावर. बंद केल्यावर काही महिने अंगात आणि मनात काहीच उरत नाही, त्या काळात पोरं फार खचतात. आणि ज्या कामासाठी तू विचारतोयस त्यालाही उपयोग थोडाच, कारण स्नायू फुगतो तितक्या वेगानं त्याला हाडाशी बांधणारी दोरी पक्की होत नाही. बेंचवर छातीचा स्नायू फाटलेली पोरं मी बघितलीत. फाटताना जाड कापड टरकावल्यासारखा आवाज येतो. उलट तालमीतही हे शिरलेलं आहे, तिथं गेलास म्हणजे सुटलास असं समजू नकोस. कुणी पुढे केलंच तर वस्तादांना सांग. आणि वस्तादच पुढे करत असतील तर लंगोट पिशवीत घालून घरी ये.

समजा तू मला पूर्ण खरं सांगितलेलं नाहीस आणि एखाद-दोन टोचून झालेत. तर लाजू नकोस. डॉक्टरांना नाव सांगून रक्तदाब, ईसीजी आणि रक्त तपासून घे. ते घरी कळवत नाहीत.

भरतीकडे येऊ. ग्राउंड ५० गुणांचं. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. साडेसात मिनिटांत १६०० म्हणजे हातचे २० जवळजवळ सोडल्यासारखेच. पूर्ण गुणांना ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, चार वेळा, न थांबता. चार महिन्यांत तू तिथं पोचशील असं मी म्हणणार नाही, पण साडेसातवर राहायचंही कारण नाही. गोळा ७.२६० किलोचा आहे, तिथं तुझी पाठ आणि खांदे कामाला येतील, कुणा जाणकाराकडून पायांची फिरकी शिकून घे, नाहीतर नुसत्या दंडानं फेकून मनगट दुखवून घेशील. आणि छातीचं माप. न फुगवता ७९ सेंटिमीटर तुझं केव्हाच पुढे गेलं असेल. पण फुगवून ५ सेंटिमीटरचा फरक दाखवावा लागतो, तो फासळ्या उघडण्यातून येतो. बेंच मारून आवळलेल्या छातीचे गडी इथं घाम पुसत उभे असतात, मी बघितलेत. रोज रात्री टेप लावून बघत जा.

धावणं आठवड्यातून चार दिवस. दोन दिवस इतकं हळू की शेजारच्याशी बोलता येईल. तुला ते अपमानास्पद वाटेल, लोक पुढे जातील, जाऊ दे, दम तिथंच तयार होतो. एक दिवस ४०० मीटरच्या फेऱ्या, आधी चार, पुढे सहा, मध्ये चालत दोन-तीन मिनिटं. एक दिवस लांब. डांबरी रस्त्यावर ८४ किलो घेऊन पळू नकोस, गुडघे आयुष्यभर लागतात. मैदान नसेल तर कॅनॉलच्या कडेची मातीची वाट बरी. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर उतरू दे. दंड पाऊण इंच कमी होईल. होऊ दे.

जिम सोडू नकोस, आईला माझं नाव सांग. फक्त दोन दिवसांवर आण. त्या दोन दिवसांत स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुलअप आणि हातात जड कॅन घेऊन चालणं. बायसेपसाठी वेगळा दिवस नको, पुलअप त्याची सोय करतं. व्हे प्रोटीन म्हणजे दुधाचाच अंश, विष नाही आणि अमृतही नाही. शरीराच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं दिवसाला मिळाली की भागतं; अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे यांतूनही ती येतात आणि डब्याचे पैसे बुटांना लावता येतात.

रस्त्यात अडवलं तर? पळ. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. रस्त्यावर गादी नाही, माती नाही, कडेला दगड आहे. एकजण पडतो, डोकं आपटतं आणि दोन घरं बसतात. ठोसा मारणाऱ्याच्याही करंगळीमागचं हाड मोडतं. आणि तुझ्या बाबतीत आणखी एक आहे. मारामारीचा गुन्हा नोंदला गेला तर भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो आणि ग्राउंडचे गुण तिथंच राहतात. खाशाबाही पुढे पोलिस खात्यात फौजदार झाले होते, पण रस्त्यावर कुस्त्या मारून नव्हे. तुला खरी भीती रस्त्याची नसून स्टेटसवरच्या व्हिडिओची आहे असं माझं मत. ती तालमीत रोज पाच-पन्नास वेळा पडल्यावर आपोआप जाते, कारण पडणं ही बातमी उरत नाही.

म्हणून त्या पोराच्या गावी जा. फोन नंबर मिळव, सरळ विचार, कुठल्या तालमीत जातोस, मला नेशील का. तो हसणार नाही. कान मोडलेली माणसं सहसा हसत नाहीत. जाताना वस्तादांसाठी नारळ घे आणि आठवड्यातून दोन सकाळ मागून घे, भरती होईपर्यंत तेवढंच पुरे. पहिला महिना डाव शिकवणार नाहीत, खोरं देतील, जोर-सपाट्या देतील, धाकट्या पोरांच्या खाली घालतील. मानेचे व्यायाम तिथल्या माणसासमोरच कर, व्हिडिओ बघून घरी डोक्यावर-मानेवर अंग तोलायचा पूल टाकायला जाऊ नकोस. ग्राउंडच्या आधी तीन आठवडे लढती बंद, पाय मुरगळला तर सगळंच गेलं.

आणि जाताना नखं कापून जा. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी शिव्या बसतात त्या नखांवरून.